गालाचं बाळंतपण

आमच्या कोकणात पथ्य सांगायला डॉक्टर लागत नाही. ताप आला, हाड मोडले, टाके पडले, की शेजारपाजारच्या बायका भेटायला येतात आणि बसल्या जागी यादी सांगून जातात. मासे बंद, मटण बंद, अंडे बंद, डाळ बंद. वांग्याचे तर नावच काढायचे नाही. मग चालते काय? पेज चालते, भाजलेला पापड चालतो, वर्षभर मुरलेले लिंबाचे लोणचे चालते. कारण विचारले तर उत्तर एकच, "पू होतो." महाड असो की पोलादपूर, मुसलमानाचे घर असो की कुणब्याचे, या यादीत फारसा फरक नाही. पथ्याच्या बाबतीत आपली एकी वाखाणण्याजोगी आहे!

मात्र एक फरक आम्ही पाहिला आहे. घरातल्या पुरुषाचे पथ्य आठवड्याभरात सुटते, कारण त्याला कामावर जायचे असते. बाईचे पथ्य चाळीस दिवस चालते. तिला कुठे जायचे आहे? एरवीही ती सगळ्यांच्या मागून जेवते. पातेल्यात मटणाचा रस्सा उरतो, तुकडा उरत नाही. त्यामुळे ती पथ्यावर आहे की नाही, हे पुष्कळदा तिच्या ताटाकडे पाहून ओळखताही येत नाही.

हे सारे आठवायचे कारण आमची भाची. आमची थोरली बहीण पोलादपुरात दिली आहे. आम्ही महाडला उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. भाची नऊ वर्षांची असताना चुलीवरचे भाताचे आधण तिच्या डाव्या गालावर आणि जबड्यावर सांडले. जीव वाचला. मुंबईच्या एका रुग्णालयात मांडीची कातडी काढून गालावर बसवली. जखम भरली, पण कातडीखालची चरबी जळून गेली होती. उजवा गाल भरलेला आणि डावा आत गेलेला, ताणलेला, शिंपल्यासारखा चकाकणारा. पोर हुशार. डी. एड. केले. पण वर्गासमोर उभे राहायची वेळ आली की ओढणी डाव्या बाजूला पुढे ओढून घ्यायची आणि फळ्याकडे तोंड करूनच शिकवायची. मुले लहान असतात, विचारतातच, "बाजी, तुमच्या गालाला काय झालं?"

२०२२ साली मुंबईतल्या एका प्लास्टिक सर्जन बाईंनी सांगितले की पोटाची थोडी चरबी काढून गालात भरता येईल. गाल वर येईल आणि वरची ताठ कातडीही हळूहळू मऊ होईल. बहिणीने हातातल्या बांगड्या मोडल्या. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरले. शाळेला सुट्टी असल्याने सोबतीला आम्ही गेलो.

हे चरबी भरण्याचे काम नेमके काय असते, ते आधी सांगायला हवे. त्याशिवाय पुढची ताटातली गोष्ट उमगणार नाही.

शरीराचा एक भाग काढून दुसरीकडे बसवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र चित्रासकट छापून आले होते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक तयार केले. ते पत्र वाचून युरोपातल्या सर्जनांनी ही पद्धत उचलली. त्यात खुबी अशी की कपाळाची कातडी पूर्ण तोडायची नाही. दोन भुवयांच्या मध्ये तिचा देठ तसाच ठेवायचा, म्हणजे नवीन जागी रुजेपर्यंत जुन्या जागेचे रक्त तिला मिळत राहते.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आंब्याचे भेटकलम असेच असते. फांदी झाडावर असतानाच रोपाला बांधायची, आणि जीव धरला की मगच मूळ झाडापासून तोडायची. पण चरबीला असा देठ नसतो. तिचे कलम कोयकलमासारखे. काडी झाडावरून आधीच तोडलेली. ज्या कोवळ्या रोपात ती खोचली, त्या रोपाचा रस प्यायला मिळाला तर जगली, नाही तर वाळली.

जर्मनीच्या न्यॉयबर नावाच्या सर्जनाने १८९३ साली हाताची चरबी काढून डोळ्याजवळच्या खोल व्रणात भरली होती. लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आले. पुढे शंभर वर्षांनी न्यूयॉर्कच्या कोलमन या डॉक्टरांनी याच तत्त्वावर पद्धत बसवली. बारीक नळीने चरबी काढायची, त्यातले रक्त आणि तेल वेगळे करायचे, आणि बोथट सुईने गालात वेगवेगळ्या वाटांनी सुतासारखे बारीक बारीक धागे सोडायचे. कारण पहिले काही दिवस या चरबीला स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूच्या पेशींतून जे पाझरून येईल त्यावर तिला जगावे लागते, आणि ते पाझरणे एकदोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की भरलेल्या चरबीतल्या बऱ्याचशा जुन्या पेशी पहिल्या काही दिवसांतच मरतात. त्या चरबीतल्या मूळपेशी मात्र चिवट असतात. त्या तग धरतात आणि पुढच्या दोनतीन महिन्यांत नव्या चरबीपेशी घडवतात. म्हणजे ऑपरेशन टेबलावर सुरू होते, पण संपते घरी, तीन महिन्यांनी. त्या तीन महिन्यांत नव्या केशवाहिन्या विणल्या जातात, नव्या पेशी बनतात. आणि विणायला सूत लागते, ते येते ताटातून.

आता पहिल्या वेळची हकीकत. ऑपरेशन नीट झाले. भाचीच्या गालात तीस मिलिलिटर चरबी भरली. तिसऱ्या दिवशी पोलादपूरला आलो तेव्हा गाल उजव्याहूनही फुगलेला. डॉक्टरांनी आधीच बजावले होते, "ही सूज आहे. यातला बराच भाग जाणार, कधीकधी निम्माही जातो. आरशात रोज बघू नका." पण घरात ईद झाली. बहीण रडत होती, हसत होती.

आणि मग दादी पुढे झाल्या. दादी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. वय ऐंशीच्या घरात. सगळा मोहल्ला त्यांना दादीच म्हणतो, आम्हीही तेच म्हणतो. त्यांनी पथ्य सांगितले आणि ते चाळीस दिवस काटेकोर पाळले गेले. सकाळी पेज. दुपारी मऊ भात, वरणाचे वरचे पाणी, पापड. रात्री पुन्हा पेज. सणाला म्हणून अर्धा कप दूध. घरात बांगडे तळले जात होते, कोंबडी शिजत होती, आणि ज्या पोरीच्या अंगात नवे मांस रुजायचे होते ती वासावर जेवत होती. बहीण सासूपुढे काय बोलणार? आणि लेकीच्या सासरी जाऊन माहेरच्या माणसाने स्वयंपाकघरात बोट दाखवावे, ही आपल्याकडे रीत नाही.

जानेवारीत गाल उतरला. उतरला म्हणजे जवळजवळ पहिल्यासारखा झाला. भाचीने ओढणी पुन्हा पुढे ओढली. शेजारच्या बायका म्हणाल्या, "अंगाला लागलं नाही. नशीब."

फेब्रुवारीत आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाल पाहिला, वजन केले, रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.९. वजन ऑपरेशनच्या वेळी ४४ किलो होते, ते ४१ झालेले. मग त्यांनी विचारले, "घरी काय खात होतीस?" पोरीने खरे ते सांगितले. डॉक्टर रागावल्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले.

त्या बाईंनी जो हिशोब मांडला, तो नंतर आम्ही आठवीच्या फळ्यावरही मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवून दिल्याप्रमाणे धडधाकट माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. चव्वेचाळीस किलोच्या मुलीला म्हणजे सदतीसच्या आसपास. जखम भरायची असेल तर डॉक्टर हेच प्रमाण सव्वा ते दीड ग्रॅम धरतात, म्हणजे पंचावन्न ते सहासष्ट. आणि पेजेच्या एका वाटीत किती? दोनतीन ग्रॅम. दिवसभराचे सगळे धरून भाचीच्या पोटात जेमतेम वीस ग्रॅम जात होते. उर्दूत प्रथिनांना लहमियात म्हणतात. लहम म्हणजे मांस. शब्दातच अर्थ आहे, की ज्याच्यापासून मांस घडते ते. आम्ही दरवर्षी हा शब्द मुलांकडून पाठ करून घेतो.

बाईंनी आणखीही सांगितले. पोटात पुरेसे अन्न गेले नाही तर शरीर साठवलेली चरबी मोडून खाते, आणि त्यात पोटाची कोणती नि गालात नवी बसवलेली कोणती, असा भेद ते करत नाही. रक्त कमी असले की प्राणवायू कमी पोचतो, आणि ज्या पेशीला आधीच पाझरून येईल तेवढ्यावर भागवायचे आहे तिची आणखी उपासमार होते. रक्तक्षय ही काही एका भाचीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. मग क जीवनसत्त्व. ते नसेल तर नव्या मांसाला धरून ठेवणारा कोलॅजन नावाचा धागा पक्का होत नाही. १७४० ते ४४ मधल्या अॅन्सनच्या समुद्रसफरीत ताजी फळे-भाजी न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही झाला, तेव्हा त्यांच्या कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमाही पुन्हा उघडल्या. भरलेली जखमसुद्धा अशी रोज डागडुजी मागत असते. मग अंडी, मटण, डाळी यांतले जस्त. त्याच्यावाचून पेशींची वाढ मंदावते.

शेवटी त्यांनी हळूच विचारले, "मिशेरी लावतेस?" पोरीने मान खाली घातली. आमच्या भागात पंधरासोळा वर्षांच्या मुलीसुद्धा सकाळी मिशेरी लावतात आणि तिला तंबाखू समजत नाहीत, दातवण समजतात. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नेमक्या ज्या वाहिन्यांच्या भरवशावर ही चरबी जगायची, त्याच. ऑपरेशनआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिशेरी पूर्ण बंद, नाही तर आपण हात लावणार नाही, असे डॉक्टरांनी साफ सांगितले. भाचीने त्या दिवशी सोडली ती सोडलीच.

एक गोष्ट मात्र डॉक्टर प्रामाणिकपणे बोलल्या. पहिले कलम नुसत्या पेजेमुळे गेले, असे त्या म्हणाल्या नाहीत. खालची जागा जुन्या व्रणाने कडक होती, तिथे रक्त मुळातच कमी. झोपेत गालावर दाब पडला असेल. सर्जनच्या हातावरही काही असते. "पण यातलं बाकी सगळं आमच्याकडे किंवा अल्लाकडे," त्या हसून म्हणाल्या, "जेवण तेवढं तुमच्याकडे आहे."

दुसरे ऑपरेशन मे महिन्यावर टाकले. आधी हिमोग्लोबिन अकराच्या वर आणायचे होते. लोहाच्या गोळ्या, आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने लोह अंगात नीट शोषले जात नाही. त्याऐवजी पानात लिंबू. मध्येच मार्चच्या अखेरीस रमजान लागला. पोरीला रोजे सोडायला नको वाटत होते. तेव्हा तिच्याच वडिलांनी सांगितले की आजारी माणसाला रोजे नंतर कजा करायची मुभा कुराण शरीफनेच दिली आहे. मग तुझी सक्ती कोणासाठी? ती समजली.

खरा प्रश्न दादींचा होता. आम्ही एका रविवारी पोलादपूरला गेलो. दादी ओट्यावर कुळीथ निवडत होत्या. त्यांच्यासमोर ग्रॅम आणि टक्के मांडण्यात अर्थ नव्हता. आणि त्यांना अडाणी ठरवणे तर आम्हाला मान्यच नव्हते. त्यांनी सहा बाळंतपणे स्वतःची काढली आणि मोहल्ल्यातली किती, त्याची मोजदाद नाही.

आम्ही विचारले, "दादी, हे पथ्य कशासाठी असतं?"

"आमच्या वक्तात पोलादपुरात बर्फ कुठला?" त्या म्हणाल्या. "मासळी बंदरावरून यायची ती दुसऱ्या दिवशी. पावसात तर विचारू नकोस. वास मारणारी मासळी खाऊन किती जणांची पोटं गेली. जखम चिघळली तर इंजेक्शन होतं का? माणूस जायचा. म्हणून नको म्हणायचं."

यात चूक काय होती? शिळ्या मासळीची भीती खरी होती. ती वेळ गेली, कारण गेले, बंदी तेवढी मागे राहिली.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. "दादी, बाळंतीण बाईलाही जखम असते. तिला तुम्ही पेजेवर ठेवता?"

दादींचे हात थांबले. "बाळंतिणीला? तिला कसं उपाशी ठेवीन? तिला पाया देतो, अळिवाची खीर देतो, डिंकाचे लाडू, मेथी, कोंबडीचा रस्सा. तिच्या अंगावर एक जीव पितोय ना!"

"हिच्या गालातही जीवच आहेत. पोटातनं काढलेले. त्यांना अजून आपली नाळ नाही. ती फुटेपर्यंत हिच्या रक्तावर जगायचेत."

दादी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "म्हणजे गालाचं बाळंतपण आहे, असं म्हण ना! एवढं कॉलेज शिकलीस आणि हे सांगायला एवढा वेळ?"

त्यानंतर आम्हाला काहीही सांगावे लागले नाही. सूत्रे दादींनी हातात घेतली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा चरबी भरली. सकाळी दोन अंडी आणि घावन, त्यात बारा-पंधरा ग्रॅम. पेलाभर दूध, आठ. दुपारी तांदळाची भाकरी, ताज्या मासळीचे दोन तुकडे, अठरा-वीस, आणि वालाची किंवा कुळथाची आमटी, सहा-सात. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री भात, डाळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कधी कोंबडी. सगळे मिळून साठाच्या वर जात होते. जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारीची बंदी लागली, ती ३१ जुलैपर्यंत. तेव्हा दादींनी सुकट काढली. वाळवलेल्या शंभर ग्रॅम सुकटीत साठ ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. फक्त मिठासाठी ती दोनदा धुवून घ्यावी लागते. पहिल्या पावसात सावित्रीच्या अंगाने वलगणीचे मासे चढू लागले तेव्हा घरातल्या पोरांनी तेही आणले. मुंबईच्या बाईंच्या कागदावर सुकट नव्हती आणि वलगणीचे मासेही नव्हते. पण कागदाचा अर्थ दादींना आमच्याआधी कळला होता.

घरातल्या धाकट्या चाचीने वेगळीच वाट काढली होती. चरबी भरली आहे तर तूप खायला घाला, म्हणजे गाल आणखी भरेल! हाही गैरसमज बऱ्याच ठिकाणी असतो. खाल्लेले तूप पत्ता शोधत गालात जात नाही. ते अंगभर साठते. उलट, पोटातून काढलेल्या पेशी गालात गेल्या तरी पोटाची सवय विसरत नाहीत. वजन दहा किलो वाढले तर त्याही फुगतात, आणि मग एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा दिसू लागतो. म्हणून लठ्ठ व्हायचे नाही आणि वाळायचेही नाही. वजन एका जागी स्थिर ठेवायचे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायची. आणि ऑपरेशनच्या आगेमागे कुठलेही चूर्ण, तेल, काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही, कारण काहींनी रक्तस्राव वाढतो.

ऑगस्टपर्यंत गाल टिकला. सगळा नाही, पण अर्ध्याहून अधिक. ओठाजवळची कातडी चिमटीत येऊ लागली, जी चौदा वर्षांत कधी आली नव्हती. भाचीचे वजन ४६ किलो झाले. आम्हाला वाटले, संपले.

सप्टेंबरात खेडकडचे एक स्थळ आले. माणसे चांगली. मुलगी पसंत पडली. आणि कोणीतरी बोलून गेले, "अजून थोडी बारीक झाली, तर शरारा फार खुलून दिसेल." तेवढे पुरले. पोरीने रात्रीचे जेवण सोडले, मग सकाळचे. महिन्याभरात साडेतीन किलो उतरले. आणि एके दिवशी आरशासमोर तिला दिसले की डावा गाल पुन्हा आत चालला आहे. तिने आम्हाला फोन केला तेव्हा तिला बोलता येत नव्हते. हमसून हमसून रडत होती.

डॉक्टरांनी तपासले आणि धीर दिला. "पेशी मेल्या नाहीत," त्या म्हणाल्या, "रिकाम्या झाल्यात. डबे फडताळावरच आहेत, आतलं धान्य संपलंय. जेवायला लाग." पहिल्या वेळी गेले ते गेलेच होते, कारण तेव्हा पेशी रुजल्याच नव्हत्या. या वेळी रुजल्या होत्या, म्हणून परत भरण्याची आशा होती. दोन महिन्यांत वजन जागेवर आले आणि गालही आला. शरारा दोन इंच सैल शिवला गेला. नवऱ्या मुलाने, असे भाचीने आम्हाला नंतर सांगितले, शराऱ्याकडे पाहिलेही नव्हते.

आपल्या रायगड जिल्ह्यातच मांडव्याला, अलिबाग तालुक्यात, १९७० च्या दशकात डॉ. एन. एच. अँटिया यांनी गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवून तयार केले होते. अँटिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले नामांकित प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांचे वाकलेले हात आणि बसलेली नाके नीट करण्यात त्यांनी आयुष्य घातले. २००७ साली ते गेले. एवढा मोठा सर्जन खेड्यातल्या, फारसे न शिकलेल्या बायकांकडे शिकवायला का आला असेल, हा प्रश्न पूर्वी आम्हाला पडायचा. दादींना अंडी उकडताना पाहिल्यावर पडेनासा झाला.

वाचकहो, आपल्या घरांत आजही चुलीवर, स्टोव्हवर, गरम तेलाने मुली भाजतात. त्यांच्या ऑपरेशनसाठी आपण दागिने मोडतो, जमिनीचा तुकडा विकतो, नातेवाइकांकडे हात पसरतो. त्या कष्टाला आमचा सलाम आहे. पण लाखभर रुपये ज्या हातांनी मोजले, तेच हात घरी आल्यावर पोरीच्या ताटात दोन अंडी ठेवताना का थांबतात? बाळंतिणीला कसे जपावे हे आपल्या आयांना ठाऊक आहे. कोणत्या महिन्यात काय द्यावे, कसे शिजवावे, सगळे ठाऊक आहे. ते ज्ञान फक्त मूल झाल्यावरच बाहेर का काढायचे? कातडी बसवलेली असो, चरबी भरलेली असो, हाड जोडलेले असो, ती बाई ओली बाळंतीण आहे असे समजा. डॉक्टरांनी खास काही मना केले असेल तेवढे पाळा, आणि बाकी यादी शेजारणीला मानाने परत करा.

आणि आणखी एक सांगावेसे वाटते. ती आजारी आहे म्हणून तिला आधी वाढा, आणि बरी झाल्यावरही आधी वाढायची ही सवय मोडू नका.